सिझरच्या टेबलावरच बाळ आईच्या छातीवर: एका बाळंतपणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी तीसेक खाटांचं खासगी प्रसूतिगृह आहे. तिथं गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना स्तनपानाबद्दल मार्गदर्शन करण्याचं काम मी करते. हे प्रकरण तिथलंच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय क्रम बदललेला नाही.

बाई २९ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ही त्यांची दुसरी खेप. चार वर्षांपूर्वी पहिलं बाळंतपण दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात झालं, तेही सिझरनंच. कळा येऊनही पिशवीचं तोंड पुढं उघडेना, म्हणून रात्री ऑपरेशन केलं. भूल कमरेतून दिलेली, म्हणजे त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. बाळ रडलं, कुणीतरी पडद्यावरून दाखवलं, "मुलगी आहे" असं सांगितलं आणि घेऊन गेलं. बाळ पुन्हा हातात आलं ते सकाळी. तोवर तिला दोनदा पावडरचं दूध पाजून झालं होतं. पोट भरलेलं बाळ झोपाळू, अंगावर घेतलं तरी तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी छाती दाटून आली, ताप चढला, मग बाटली कायमची झाली. दोन महिन्यांत अंगावरचं दूध बंद. घरात आणि त्यांच्या स्वतःच्याही मनात एक गोष्ट पक्की बसली, की हिला दूधच नाही.

हे वाक्य आमच्याकडं रोज कानावर पडतं आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. बाळ वेळेवर आणि वरचेवर छातीशी आलं नाही, तर दूध वाढायला सांगणारं कुणी उरत नाही, एवढंच झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाल्याची नोंद आहे. खासगी दवाखान्यांत हेच प्रमाण ४७.४ टक्के. जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण मात्र ४१.८ टक्के. या आकड्यांमागं इतरही कारणं आहेत, पण सिझरनंतर आई एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत ही पद्धत त्यातलं एक मोठं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातव्या महिन्याच्या तपासणीला त्यांनी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना विचारलं, "मॅडम, या वेळी बाळ तिथंच माझ्याजवळ देता येईल का? टाके घालून होईपर्यंत नुसतं छताकडं बघत पडायचं नाही मला."

मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही. "विचारून सांगते," म्हणाल्या आणि खरंच विचारायला घेतलं.

अडचण नेमकी कुठं होती

बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवणं आमच्याकडं नवीन नव्हतं. नॉर्मल डिलिव्हरीत ते रोज होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या स्तनपानाच्या दहा सूत्रांत, २०१८ च्या सुधारित मांडणीतलं चौथं सूत्र हेच सांगतं: जन्मल्याबरोबर त्वचेला त्वचा लावून ठेवा, मध्ये खंड पाडू नका आणि शक्य तितक्या लवकर पाजायला मदत करा. कमरेतून भूल दिलेल्या सिझरला त्यातून सूट नाही. महाराष्ट्राला तर हा विषय परका नाहीच. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली आणि स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाली.

तरीही ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दाराशी हे सगळं थांबत होतं. विरोध कुणाचाच नव्हता. प्रत्येकाची आपली एक रास्त शंका होती आणि त्या शंका कधी एका टेबलावर आल्या नव्हत्या.

भूलतज्ज्ञ सरांचं म्हणणं असं, की आईची छाती ही त्यांची जागा. ईसीजीच्या पट्ट्या तिथं, श्वास पाहायचा तिथं, काही बिघडलं तर हात घालायचा तोही तिथंच. "रक्तदाब पडला, उलटी आली, तर मी आईकडं बघू का बाळाकडं?" हा त्यांचा प्रश्न.

बालरोगतज्ज्ञांना थंडीची काळजी. ओटीचा एसी २० अंशांवर, बाळ ओलं. शिवाय सिझरच्या बाळांना फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला वेळ लागतो, कधी धाप लागते. म्हणून पहिली पाच मिनिटं बाळ वॉर्मरवरच, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखालीच हवं, असा त्यांचा आग्रह होता.

ओटीच्या सिस्टरना निर्जंतुक पडद्याची हद्द सांभाळायची होती. शिवाय त्या दोघीच. एक डॉक्टरांच्या हाताशी, दुसरी बाहेरची धावपळ करणारी.

आणखी एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक दवाखान्याला ठाऊक असते. सिझर झालं की मावशी बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणतात, नातेवाईक गोळा होतात, मोबाइल निघतात, मावशींच्या हातात खुशीचे पैसे पडतात. तुटपुंज्या पगारात त्या पैशांना किंमत असते. बाळ तासभर आत राहिलं तर ही सगळी साखळी मोडते. ही गोष्ट लक्षात न घेता केलेला कुठलाही नियम आठवडाभरही टिकत नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय नेहमीचा: बाळ दाखवायचं, वॉर्मरवर ठेवायचं, आई वॉर्डात आली की पाजायचं. यात जोखीम सगळ्यांत कमी दिसते. पण जन्मानंतरचा पहिला तास बाळ टक्क जागं असतं. छातीवर मोकळं सोडलं तर ते आधी निवांत पडतं, मग डोळे उघडतं, तोंडानं चुटूचुटू करतं, पायांनी रेटत वर सरकतं आणि स्वतःहून स्तनाशी पोहोचतं. तास-दीड तासानंतर ते गाढ झोपतं. आई वॉर्डात येईतो नेमकी ती झोप लागलेली असते. या बाईंच्या पहिल्या खेपेला हेच झालं होतं.

दुसरा पर्याय रिकव्हरी रूममध्ये, टाके झाल्यावर. हा मधला मार्ग सगळ्यांना पटण्यासारखा होता. पण पूर्वीच्या सिझरची जखम, आत चिकटलेले थर, त्यामुळं टाक्यांना पाऊण तास सहज लागणार होता.

तिसरा, बाळ वडिलांच्या छातीवर. आईला शक्य नसेल तेव्हा हा उत्तम पर्याय आहे, बाळाची ऊब राहते, ते रडतही कमी. पण आई शुद्धीवर आणि तयार असताना तिच्या आधी वडिलांकडं का द्यायचं?

चौथा, आईनं मागितला तो.

बैठकीत दोन गोष्टींनी चर्चेची दिशा बदलली. लंडनच्या क्वीन शार्लट्स अँड चेल्सी रुग्णालयातल्या तिघांनी २००८ साली आईला मध्यवर्ती ठेवून सिझर कसं करावं याची पद्धत प्रसिद्ध केली, त्या तिघांत एक भूलतज्ज्ञही आहेत. हे मॅडमनी सांगितल्यावर आमच्या सरांनी तो लेख मागून घेतला. दुसरी गोष्ट बालरोगतज्ज्ञांनीच काढली. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवून पाहिलं होतं. २०२१ साली निकाल आला: पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर उतरले. "इतकी नाजूक बाळं तिथं सांभाळली जातात, मग पूर्ण दिवसांचं, चांगलं रडलेलं बाळ मी पाच मिनिटं लांब का ठेवतोय?" असं तेच म्हणाले.

पण खरा पेच वेगळाच होता. बाळ छातीवर पालथं असताना क्वचित, अगदी क्वचित, श्वास थांबण्याचा प्रकार होतो. नाक दाबलं जातं, मान वाकते आणि पाहणारं कुणी नसतं. यातले बरेच प्रसंग पहिल्या दोन तासांतच घडतात. टेबलावरची आई पाठीवर सपाट पडलेली, तिला बाळाचा चेहरा नीट दिसतही नाही. त्यामुळं ठरलं ते असं: दुसरं कुठलंही काम नसलेली एक सिस्टर बाळाजवळ उभी राहणार असेल, तरच हे करायचं. ती नसेल तर दुसरा पर्याय. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच.

तारीख आणि मुहूर्त

घरच्यांनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला होता, सदतिसाव्या आठवड्यातला. मॅडमनी तो नाकारला. ३९ आठवडे भरायच्या आधी ठरवून सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, आणि धाप लागलेलं बाळ आईच्या छातीवर ठेवता येत नाही. सासूबाई नाराज झाल्या. मॅडम त्यांना म्हणाल्या, "काकू, ३९ भरल्यानंतरच्या आठवड्यातला चांगला दिवस काढून आणा, वेळ मी सांभाळते." दुसरा मुहूर्त मिळाला, सकाळचा. त्यामुळं पूर्ण स्टाफ हजर असताना ऑपरेशन करता आलं, हाही फायदाच झाला.

ओटीत काय घडलं

अर्धा तास आधी एसी २५ अंशांवर आणला. सर्जनना घाम फुटला, त्यांनी तो सहन केला. ईसीजीच्या पट्ट्या खांद्यांवर आणि बगलेखाली लावल्या. सलाईन डाव्या हाताला, तेही कोपरात न लावता पुढच्या हातावर. उजवा हात मोकळा. एरवी दोन्ही हात फळ्यांवर पट्ट्यांनी बांधलेले असतात. गाऊन पुढून उघडता येईल असा उलटा घातला. पडदा नेहमीपेक्षा थोडा खाली बांधला. दुपटी वॉर्मरवर तापवून ठेवली.

बाळ बाहेर आलं आणि लगेच रडलं. मुलगा, २ किलो ९०० ग्रॅम (हे वजन तासाभरानंतरचं). नाळ एक मिनिट थांबून कापली, तेवढ्यात निर्जंतुक दुपट्यावरच बाळ पुसून घेतलं. आईला मुलगा की मुलगी ते दाखवलं, हातापायांना ओळखपट्ट्या बांधल्या. कायद्याच्या दृष्टीनं हे आधी व्हायलाच हवं. चौथ्या मिनिटाला बाळ आईच्या छातीवर आडवं, मान एका बाजूला वळवून, डोक्याला टोपडं आणि वरून गरम दुपटं. बालरोगतज्ज्ञांनी तिथंच ठोके आणि श्वास पाहिले. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही तिथंच दिलं. बाळ जेमतेम कुरकुरलं.

बाई काही बोलल्या नाहीत. मोकळा हात बाळाच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथंच राहिला.

पहिला कसोटीचा क्षण बाराव्या मिनिटाला आला. पिशवी शिवून आत सारताना त्यांना मळमळायला लागलं, वरचा रक्तदाब ८८ पर्यंत उतरला, अंगाला थरथर सुटली. बाळ उचलायचं का? आधी ठरलं होतं, की आई स्वतः नको म्हणाली, श्वासाला त्रास झाला किंवा सरांनी सांगितलं, तर एका शब्दावर उचलायचं. सरांनी औषध दिलं, डोकं बाजूला वळवलं आणि सिस्टरला सांगितलं, "उचलू नका, दोन्ही हातांनी धरून ठेवा." दोन मिनिटांत रक्तदाब सावरला. त्या सिस्टरच्या हाती त्या वेळी दुसरं काही काम असतं, तर बाळ उचलावंच लागलं असतं.

दुसरा प्रसंग त्याहून शांतपणे आला. विसाव्या मिनिटाला काखेतलं तापमान ३६.३. किमान ३६.५ हवं. बालरोगतज्ज्ञ वॉर्मरकडं बघायला लागले. सिस्टरनं वरचं दुपटं उचललं तर खाली, बाळाच्या पोटाशी, पुसायला घेतलेल्या पहिल्या दुपट्याची ओली घडी तशीच अडकलेली. म्हणजे बाळाची त्वचा आईच्या त्वचेला लागलेलीच नव्हती, मध्ये ओलं कापड होतं. ती घडी काढली, टोपडंही दमट झालं होतं ते बदललं, दोन कोरडी गरम दुपटी घातली. दहा मिनिटांनी ३६.६, पुढच्या दहा मिनिटांनी ३६.८. बाळ वॉर्मरवर न्यावं लागलं नाही. आईची छातीच पुरी पडली.

टेबलावरून रिकव्हरीपर्यंत

आई टेबलावरून ट्रॉलीवर घेताना बाळ उचलून वजन करायचं, ही सगळ्यांची हाताची सवय. मी स्वतः वजनकाट्याकडं वळलेल्या एका सिस्टरला थांबवलं. बाळ चादरीनं आईशी बांधून, सिस्टरनं धरून, दोघांना एकत्र हलवलं.

मावशींचा प्रश्न मॅडमनी आदल्या दिवशीच सोडवला होता. बाळ बाहेर जाणार नाही, मावशी वडिलांना आत आणणार. आनंदाची बातमी मावशींच्याच तोंडून आणि वडिलांना बाळापाशी नेण्याचा मानही त्यांचाच. खुशी त्यांना मिळायची तशी मिळाली.

बावन्नाव्या मिनिटाला बाळानं रेटत, डोकं आपटत स्तन तोंडात घेतला आणि वीस मिनिटं प्यायलं. स्तन तोंडात द्यायला कुणी हात लावला नाही. मी फक्त आईच्या कोपराखाली उशी सरकवली.

सासूबाई आत आल्या त्या मधाची बाटली आणि सोन्याची अंगठी घेऊन. जन्मल्यावर मध चाटवायची त्यांच्याकडची रीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो, हे त्यांना सांगायला हवंच होतं, पण रिकव्हरी रूममध्ये नातवाकडं पहिल्यांदा बघताना नव्हे. त्या वेळी एवढंच म्हटलं, "काकू, तो आत्ता चीक पितोय, त्याचं पोट त्यानंच भरू द्या." चीक म्हटल्यावर त्या थांबल्या. गाईच्या चिकाचं मोल शेतकरी घरातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. मध का नको, ते संध्याकाळी सविस्तर बोललो.

परिणाम

पहिल्या दिवशी बाळ वारंवार प्यायलं, वरचं दूध द्यावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी वजन सहा टक्क्यांनी उतरलं होतं, जे अपेक्षेतलं आहे. चौथ्या दिवशी घरी गेले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. तिसऱ्या रात्री छाती पुन्हा दाटली आणि त्यांच्या मनात मागच्या खेपेची भीती उभी राहिली. रात्रीच्या सिस्टरनं हातानं थोडं दूध काढून छाती मऊ करून दिली आणि बाळाला वरचेवर लावलं, मग उतार पडला. निपलला चीर पडली होती, ती भरायला आठवडा गेला. पहिल्या तासाच्या स्पर्शानं पुढचे प्रश्न संपत नाहीत. सुरुवात चांगली झाली असली की ते सोडवायला आईच्या अंगात बळ उरतं, असं मी पाहिलं आहे.

दीड महिन्याच्या लसीला आल्या तेव्हा बाळ फक्त अंगावरच्या दुधावर होतं. "म्हणजे मला दूध होतं की," असं त्या म्हणाल्या आणि मग पहिल्या मुलीबद्दल बराच वेळ बोलत राहिल्या. त्यात बरंचसं अपराधीपण होतं. ते त्यांचं नव्हतंच, हे त्यांना त्या दिवशी दोन-तीनदा सांगावं लागलं.

काय वेगळं करता आलं असतं

तापमान विसाव्या मिनिटाऐवजी दहाव्या मिनिटाला पाहायला हवं होतं. ओली घडी त्याच वेळी सापडली असती. आता पुसण्याचं दुपटं वेगळ्या रंगाचं आहे आणि ते बादलीत पडल्याचं सिस्टर मोठ्यानं सांगते.

मळमळ होणार याची आईला आधी कल्पना द्यायला हवी होती. आपल्याला काहीतरी भयंकर होतंय आणि आता बाळ काढून घेतील, असं त्यांना त्या दोन मिनिटांत वाटलं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

सासूबाईंशी बोलणं आठव्या महिन्यातच करता आलं असतं. मुहूर्तासाठी त्यांना बोलावलं होतं, त्याच बैठकीत मधाचा विषय निघायला हवा होता.

दाटलेल्या छातीचं तर भाकीत करता येण्यासारखं होतं. पहिल्या खेपेचा इतिहास कागदावर होता. दुसऱ्या दिवशीच हातानं दूध काढायला शिकवलं असतं, तर ती रात्र टळली असती.

सगळ्यांत मोठा प्रश्न अजून सुटलेला नाही. हे बाळंतपण ठरवून, दिवसा, पूर्ण स्टाफ असताना झालं. कळा थांबल्या किंवा बाळाचे ठोके उतरले म्हणून रात्री दोनला होणाऱ्या सिझरला मोकळी सिस्टर नसते. पूर्ण भूल दिली असेल किंवा बाळाला श्वासासाठी मदत लागत असेल, तर टेबलावर स्पर्श देणं योग्यही नाही. पण रात्रीच्या कितीतरी सिझरांत आई शुद्धीवर असते, बाळ खणखणीत रडतं आणि अडतं ते फक्त माणसावाचून. अशा वेळी सध्या आम्ही बाळ वडिलांच्या छातीवर देतो आणि आई रिकव्हरीत आली की लगेच तिच्याकडं. वजन, आंघोळ, नातेवाईक सगळं त्यानंतर. रात्रपाळीला नवजात बाळासाठी आणखी एक सिस्टर हवी, अशी लेखी मागणी मॅडमनी व्यवस्थापनाकडं दिली आहे. निर्णय व्हायचा आहे.